कांद्याचा विषय तिकडच्या बाकड्यावर

ये, लग्नाच्या मांडवात सापडलीसच तर अशी जवळ सरक, आणि आधी माझी बोलणी खा. दोन वर्षं झाली, आत्याच्या घराकडं फिरकली नाहीस. फोन केला की तुझं एकच, "आत्या, गाडी आता गावात येत नाही, बायपासनं निघून जाते." अगं, त्या गाडीपायी आमच्या मन्मथअप्पांनी काय काय केलं ते आधी ऐक, आणि मग सांग मला गाडीचं.

पिंपळाखालची तीन बाकडी तुला आठवत असतील. सिमेंटची. एक खासदार निधीतलं, मधलं आमदार निधीतलं, आणि रस्त्याच्या कडेचं ग्रामपंचायतीचं. तसं पाठीवर रंगवलेलंच आहे. दुसऱ्या गावात लोक सावली बघून बसतात. आमच्याकडं विषय बघून बसावं लागतं, कारण समोरच अप्पांचं किराणा दुकान आहे आणि अप्पांचं लक्ष गल्ल्यापेक्षा बाकड्यांवर जास्त.

आमच्या गल्लीतला नामदेव एकदा कडेच्या बाकड्यावर टेकला आणि म्हणाला, "अप्पा, कांदा बाहेर पाठवायचा बंद केला म्हणं."

"ऊठ."

"कावून?"

"कांद्याची निर्यात दिल्लीच्या अख्त्यारीत. ते बाकडं गावाचं हाय. तिकडं बस."

नामदेव उठून खासदारांच्या बाकड्यावर गेला. "आन लाइट बी न्हाई सकाळपासनं," म्हणाला.

"मग उभा ऱ्हा."

"आता कावून, अप्पा?"

"वीज दोघांची हाय. दिल्लीची बी आन मुंबईची बी. दोघांचा विषय उभ्यानं बोलायचा."

नामदेव उभा राहिला. दोन मिनिटांनी म्हणाला, "आन माझ्या दारापुढं नाली तुंबलीय." अप्पांनी त्याला पुन्हा कडेच्या बाकड्यावर बोलावलं, नीट बसवलं आणि पाणी दिलं. नामदेव म्हणाला, "अप्पा, फिरून फिरून माझं गुडघं दुखायलेत. ते कुठं सांगू?"

"सरकारी दवाखान्यात औषध न्हाई म्हणायचं असंल तर मदल्या बाकड्यावर. नुसतंच दुखत असंल तर घरी जा. घरचा विषय हितं कुण्याच बाकड्यावर न्हाई."

हे सगळं अप्पांना कुणी शिकवलं? रद्दीनं. पुड्या बांधायला त्यांच्या दुकानात रद्दी यायची, त्यात कधीतरी शाळेचं नागरिकशास्त्राचं पुस्तक आलं. इतिहास आणि भूगोल चहा-साखरेच्या पुड्यांतून गावभर गेले. नागरिकशास्त्र अप्पांनी वाचलं आणि ठेवून घेतलं. कशावर दिल्लीची सत्ता, कशावर राज्याची, कशावर दोघांची, सगळं पाठ. फक्त एक पान ध्यानात यायच्या आत जिऱ्याच्या पुडीत गेलं. ते जिल्हा परिषदेचं होतं. तेव्हापासून अप्पा जिल्हा परिषद मानत नाहीत. मागं एक सदस्य दुकानात आले आणि म्हणाले, "मी जिल्हा परिषदेवर हाय." अप्पा म्हणाले, "असाल. आमच्याकडं नोंद न्हाई."

बायको जाऊन अप्पांना बारा वर्षं झाली. लेकरूबाळ नाही. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोक्यावर टोपी, आणि तोंडात अख्त्यार हा शब्द. मी एकदा भाजीला कोथिंबीर मागितली तर म्हणाले, "वैनी, परसातली मागताय का दुकानातली? दोन्हीचा अख्त्यार येगळा हाय."

आमची सरपंच सुनंदा. आता तुला माहीत आहे, बाई सरपंच झाली की गावात सह्या कोण करतं. सुनंदाचा नवरा खुर्चीत बसायचा आणि लोक त्यालाच अर्ज द्यायचे. अप्पा मात्र अर्ज घेऊन थेट तिच्या चुलीपुढं जाऊन उभे. ती भाकरी थापत होती. नवरा म्हणाला, "द्या हिकडं अप्पा, मी बघतो."

"तुमचा अख्त्यार काय?"

"मी सरपंचाचा नवरा हाय की."

"ते पद पुस्तकात न्हाई."

सुनंदानं पिठाचे हात धुतले आणि अर्ज घेतला. तिच्या हातात आलेला तो पहिला अर्ज. ती ते विसरली नाही, हे तूही ध्यानात ठेव.

अर्ज काय होता? कडेच्या बाकड्याचा उजवा कोपरा फुटलेला होता, आतला गज बाहेर आलेला. पंचायतीनं गवंडी लावून तो बुजवायला काढला होता, आणि अप्पांचा अर्ज होता की बुजवू नका. कारण विचारलं तर म्हणाले, "ठराव न्हाई." ठराव झाला. तर म्हणाले, "वाळूत माती हाय." शेवटी गवंडीच कंटाळून गेला. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो, होऊ द्या.

मग बायपास झाला. गाड्या गावाबाहेरून, वरच्या माळावरून जाऊ लागल्या. पिंपळाखाली धूळ उडायची थांबली आणि अप्पांचं चित्त ठिकाणावर राहीना. त्यांनी अर्ज सुरू केले. एकच मागणी, गाडी नागपंचमीच्या आत परत गावात आली पाहिजे.

रस्तेवाल्यांचं उत्तर आलं की रस्ता आमचा आहे, गाडी आमची नाही. एसटी आगाराचं उत्तर आलं की गाडी आमची आहे, पण गावात वळायचं तर रस्तेवाल्यांची संमती आणि गावाचा ठराव आणा. सुनंदानं ठराव करून दिला. ठराव वर गेला आणि तिथून पत्र आलं की आपला विषय पुढील कार्यवाहीस्तव पाठवण्यात येत आहे. कुठं पाठवला ते लिहिलं नव्हतं.

ते पत्र हातात घेऊन अप्पा तिन्ही बाकड्यांच्या मधोमध उभे होते. नामदेवची तर आयती संधी. "बसा की अप्पा. कुण्या बाकड्याचा विषय हाय?"

"तिघांचा हाय."

"मग तिघांच्या विषयाला काय करायचं म्हणतंय पुस्तक?"

अप्पांनी पत्र उलटून मागची कोरी बाजू बघितली. मग म्हणाले, "ते बी त्या जिऱ्याच्या पानावर असंल."

मी विचारलं, "अप्पा, तुमी तर नेकनूरच्या बाजाराला बी वर्षाकाठी एकदा जाता. तुमाला गाडी कशापायी पायजे?"

"सार्वजनिक हित हाय, वैनी."

पंचमीला आठ दिवस राहिले तेव्हा अप्पा माझ्या ओट्याशी आले. टोपी हातात. म्हणाले, "वैनी, एक घरचा विषय हाय."

"मग बसा की."

"कुठं बसू?"

माणूस पंचावन्न वर्षं शेजारी, आणि माझ्या ओट्यावर कुठं बसावं हे त्याला कळेना. मी हाताला धरून बसवलं आणि चहा ठेवला. तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांची थोरली बहीण गिरजाक्का धर्मापुरीला दिलेली. दर पंचमीला माहेरी यायची. एका डोळ्यानं काही दिसत नाही, दुसऱ्यानं ऊन आणि सावली तेवढी कळते. नातू तिकडं गाडीत बसवून द्यायचा, इकडं पिंपळाखाली गाडी उभी राहायची. अक्का दोन पायऱ्या उतरायची आणि हात पुढं करायची. हाताला बाकड्याचा फुटका कोपरा लागायचा, तो बाहेर आलेला गज. मग ती म्हणायची, "आलं माझं गाव."

गेल्या पंचमीला गाडी पहिल्यांदाच बायपासला थांबली. कंडक्टर बिचारा चांगला, म्हणाला, "आजी, उतरा, आलं तुमचं गाव." अक्का उतरली, हात पुढं केला, हाताला काहीच लागेना. "हे माझं गाव न्हाई," म्हणाली आणि परत गाडीत चढून बसली. गाडी नेकनूरला गेली. तिथं दिवसभर स्टँडवर लाह्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. संध्याकाळी कुणीतरी धर्मापुरीच्या गाडीत बसवून दिलं. अप्पा इकडं दिवसभर पिंपळाखाली.

"आता म्हणतीय, मी यायची न्हाई. गाव जागेवर न्हाई म्हणती," अप्पा म्हणाले. "दिल्लीला लिहिलं, मुंबईला लिहिलं. गाडी काय खाली येत न्हाई, वैनी."

मी म्हटलं, "गाडी खाली येत न्हाई तर बाकडं वर न्या."

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी देवळातली मूर्ती हलवा म्हणाले. "बायपासची जमीन दिल्लीची हाय. गावाचं बाकडं दिल्लीच्या हद्दीत ठेवायचं म्हंजे अतिक्रमण."

"बाकड्याचा अख्त्यार कोणाचा?"

"सरपंचाचा," म्हणाले. आणि चहा अर्धा ठेवून उठले.

सुनंदानं सगळं ऐकून घेतलं. नवरा म्हणाला, "अगं, पण साहेबाला इचारावं लागंल." ती म्हणाली, "बाकडं गावाचं हाय. ट्रॅक्टर काढा." नवऱ्यानं ट्रॅक्टर काढला. नामदेव आणि आणखी तिघांनी बाकडं उचललं, आणि अप्पा फुटक्या कोपऱ्याला हात लावून ट्रॉलीत बसले, वाटेत धक्का लागू नये म्हणून.

पंचमीला सकाळी मी चहा घेऊन वर गेले. अप्पा छत्री घेऊन बाकड्यावर. खिशात एक कागद. मी वाचला. अतिक्रमणाची तक्रार होती. तक्रारदार मन्मथअप्पा, आणि अतिक्रमण करणारा मन्मथअप्पा.

"हे कशाला?"

"नियम म्हंजे नियम. पंचमी झाली की टपालात टाकतो."

अकराच्या सुमाराला गाडी आली. अप्पांनी धर्मापुरीला कोणामार्फत काय निरोप धाडला होता देव जाणे, पण दारात अक्का उभी होती. वाळून काडी झालेली. दोन पायऱ्या उतरली, हात पुढं केला. अप्पा कोपऱ्यापासून बाजूला सरकले. तिचा हात कोपऱ्याला लागला. गज चाचपला. मग बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "मन्या, पिंपळ तोडला का रे? सावली न्हाई लागत."

"हाय, हाय. जरा खाली हाय," अप्पा म्हणाले. त्यांना मन्या म्हणणारं आता हे एकच माणूस.

मग अक्का बोलायला लागली. गॅसची टाकी महाग झाली, कांदा सडला, डोळ्याच्या ऑपरेशनला सरकारी दवाखान्यात तारीख मिळंना, नातवाच्या शाळेत मास्तर न्हाई, दारात नाली तुंबलीय, आणि रात्री आई सपनात आली होती. दिल्ली, मुंबई, गाव, घर, सगळं एका दमात, ग्रामपंचायतीच्या एकाच बाकड्यावर बसून. मी अप्पांकडं बघत होते, आता उठवतात की मग उठवतात. अप्पा लाह्यांची पिशवी छातीशी धरून ऐकत होते. "हं," म्हणत होते. "मग? पुढं काय झालं?"

तक्रार त्यांनी टाकली टपालात. महिन्यानं उत्तर आलं की बाकडं ग्रामपंचायतीचं असल्यानं विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. अप्पांनी ते पत्र पुस्तकात ठेवलं, जिऱ्याचं पान फाटलं होतं तिथं.

आता सगळ्या गाड्या बाकडं बघून थांबतात. हुकूम कुणी काढला नाही. दुकान अकराला अर्धा तास बंद असतं, अप्पा वर असतात. कंडक्टर विचारतो, "अप्पा, बसायचं का?" अप्पा म्हणतात, "न्हाई. कोण उतरतंय ते बघायलोय." बहुतेक दिवशी कुणी उतरत नाही. मग ते उपरण्यानं बाकडं पुसतात आणि खाली येतात.

म्हणून म्हणते, येत्या पंधरा दिवसांत येऊन जा. अकराचीच गाडी धर. फुटक्या कोपऱ्याचं बाकडं दिसलं की उतर, पिशवी अप्पा घेतील. आणि जरा वेळ बस त्यांच्याजवळ. काय वाटेल ते बोल, त्या बाकड्यावरनं ते कुणाला उठवत नाहीत.