सव्वा इंचाचं मायनस

लघाटे नाना बंदुकीची किंमत कानाने ठरवत. दुनळी उघडून तिच्या नळ्या सुट्या करायच्या, त्या डाव्या हाताच्या बोटावर लटकवायच्या आणि उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारायची. देवघरातल्या घंटेसारखा नाद लांबत गेला, तर नाना डोळे मिटून मान हलवत. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तर दोन नळ्यांचा जोड कुठेतरी सुटलाय हे त्यांना कळे, आणि मालकाचा चेहरा नळ्यांच्या आधी खाली येई.

या माणसाने जन्मात एकही काडतूस उडवलं नव्हतं. ग्वाल्हेरला त्यांचे मामा एका सरदारांच्या शिलेखान्यात नोकरीला होते. नाना लहानपणी सुट्टीत तिथे बंदुका पुसायला बसत, आणि पुसता पुसता शिकले. पुढे भोपाळला आमच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले. आमच्या टाउनशिपमध्ये ते गेजसकट राहत असत असं म्हणायला हरकत नाही. खिशात रुमालाऐवजी बारीक फटी मोजायच्या फीलर गेजच्या पात्या, आणि तोंडात एकच शब्द, "मायनस".

हे मायनस सगळ्यांना लागू होतं. माझ्या लग्नाच्या पंगतीत नाना हात धुताना म्हणाले, "जिलबी उत्तम. मठ्ठा कोमट, मायनस दोन." मग सुनंदाकडे, म्हणजे माझ्या नव्या बायकोकडे, नीट बघून म्हणाले, "सूनबाईत मायनस काही नाही. सगळं तुझ्यात आहे, सुध्या." सुनंदा हे वाक्य अजून वापरते. विजेचं बिल भरायचं राहिलं तरी वापरते.

मायनस खालच्याच बाजूने असे असं मात्र नाही. बिट्टन मार्केटच्या हाटात एकदा भाजीवालीने दुधी फारच स्वस्त सांगितला. नानांनी दुधी नखाने दाबला, वजन हातावर तोललं आणि म्हणाले, "बाई, तेरा भाव गलत है. दो रुपये और ले." ती बाई घाबरली. दुधीत काही खोट आहे आणि हा म्हातारा आपल्याला अडकवतोय, अशी तिची समजूत झाली. तिने दुधीच परत मागितला.

तर अशा या नानांकडे मला माझ्या वडिलांची बंदूक घेऊन जायची वेळ आली.

माझे वडील, भाऊ, त्याच कारखान्यात होते आणि नानांचे जुने दोस्त. त्यांच्याकडे एक विलायती दुनळी होती. ती महाराजांनी आजोबांना बक्षीस दिली होती, असं आमच्या घराण्यात सांगत. भाऊ गेल्यावर बंदूक जुन्या शहरातल्या खाँसाहेबांच्या दुकानी जमा करावी लागली, कारण लायसन्स भाऊंच्या नावावर. माझ्या नावावर करून घ्या, असं सुचवणारे लोक मला ओळखत नाहीत. मी दिवाळीत फुलबाजीसुद्धा हात लांब करून धरतो. तेव्हा विकायचीच होती. सीहोरकडचे एक ठाकूरसाहेब घ्यायला तयार होते. त्यांनी एकच अट घातली, "लघाटेजी जो कह दें, वही दाम."

आमच्या घरात हा दाम आधीच ठरला होता. सव्वा लाख. कोणी ठरवला ते माहीत नाही, पण महाराजांचं बक्षीस त्याच्या खाली विकलं तर भाऊंना काय वाटेल, असा माझा घोर होता.

मी नानांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले गुडघा दुखतोय. पुढच्या आठवड्यात गेलो, तर एकादशी निघाली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा फीलर गेज हरवलं होतं, आणि ते त्यांच्या खिशातून डोकावत होतं.

"नाना, दुसऱ्यांच्या बंदुका बघायला तुम्ही रायसेनपर्यंत जाता."

"त्या दुसऱ्यांच्या असतात." ते पुटपुटले. मग बराच वेळ त्यांनी टेबलावरची धूळ बोटाने गोळा केली. "चल, येतो. पण मग तोंड पाडायचं नाही."

रविवारी दुपारी आम्ही माझ्या स्कूटरवरून दुकानी पोचलो. ठाकूरसाहेब आधीच येऊन बसले होते. खाँसाहेबांनी नानांना बघताच खुर्ची पुसली. "को खाँ लघाटे साब, आज तो दुकान में हाकिम आ गए." नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा बदलला आणि बंदूक मांडीवर घेतली.

आधी टिचकी. नाद असा निघाला की खाँसाहेबांनी पंखा बंद केला. नळ्या उजेडाकडे धरून आत पाहिलं. उजव्या नळीत एका जागी सावलीची कडी दिसली, म्हणजे बाहेरून पोचा. मायनस पाच हजार. नळ्या जोडून फटीत सिगारेटचा कागद सरकवला, तो अडकला, म्हणजे सांधा घट्ट. मायनस काही नाही. स्क्रूच्या खाचा भिंगातून पाहिल्या. कोणी हात लावला नव्हता.

"महाराजांनी आजोबांना..." मी सुरुवात केली.

"महाराज देत तेव्हा पेटीसकट देत," नाना म्हणाले. "पेटी कुठाय? तुझ्या आजोबांनी ही एका रेल्वेच्या साहेबाकडून विकत घेतली. भाऊनेच सांगितलं होतं मला."

घराण्याचा इतिहास एका वाक्यात संपला. ठाकूरसाहेबांनी सौजन्याने छताकडे पाहिलं.

"फिर भी, एक लाख बीस?" ते म्हणाले. त्यांना बंदूक आवडली होती. माझ्या जिवात जीव आला. त्या पोच्याचे पाच वजा जाऊनही भाऊंची लाज बऱ्यापैकी राहत होती.

नानांनी बंदूक उलटी केली आणि कुंद्याच्या, म्हणजे खांद्याला टेकायच्या लाकडाच्या, टोकाची लोखंडी पट्टी सोडवायला घेतली. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पट्टी निघाली. खालच्या लाकडावर पेन्सिलीने बारीक अक्षरात सही होती, व. ल. वसंत लघाटे.

"कुंदा काटा हुआ है," नाना म्हणाले. "सव्वा इंच. काम मेरा है. मायनस तीस हजार."

ठाकूरसाहेबांनी कुंदा हातात घेऊन फिरवला, अंगठ्याने चाचपला. "लघाटेजी, दिखता तो है नहीं."

"नहीं दिखता, इसीलिए तो बता रहा हूँ."

पंचाऐंशी हजाराला व्यवहार ठरला. ठाकूरसाहेबांनी बंदूक घेताना तिला नमस्कार केला, तेवढंच माझं समाधान. मी तोंड पाडायचं नाही असं ठरवून पाडलंच होतं.

परतीच्या वाटेवर गोविंदपुऱ्याच्या सिग्नलला मी विचारलं, "नाना, चांगली बंदूक का कापलीत?"

"मी नव्हतो कापत. भाऊला म्हटलं, अर्धी किंमत जाईल. तो म्हणाला, पोराचा हात चापापर्यंत पुरत नाही, किंमत गेली खड्ड्यात."

सिग्नल हिरवा झाला. मागचा टेंपोवाला भोंगा वाजवत होता.

मला तो दिवस आठवला. मी दहा वर्षांचा होतो. भाऊंनी मला एका ओळखीच्यांच्या शेतावर नेलं होतं, समोर डालड्याचा डबा ठेवला होता. बंदूक माझ्या खांद्याला अगदी बेतून दिल्यासारखी बसली. बंदुका अशाच असतात, असं मला वाटलं. मग मी दोन्ही हात कानांवर ठेवले. बंदूक धरायला तिसरा हात नव्हता. भाऊ हसले, आणि आम्ही शेतातले पेरू खाऊन घरी आलो. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

"पुढे त्याचा नेम चुकायला लागला," नाना मागून सांगत होते. "सहा फुटाचा माणूस, आखूड कुंदा. झाडली की अंगठा नाकावर बसायचा. लोक चिडवायचे. हा म्हणायचा, वय झालं. मी दोनदा म्हटलं, तुकडा जोडून देतो. नको म्हणाला. पोरगा कधी मागेल सांगता येत नाही."

स्कूटर चालवताना एक बरं असतं, मागच्याला तोंड दिसत नाही. मलाही त्यांचं दिसत नव्हतं.

"श्रीकांतने शाळेत आईसाठी पाट केला होता," नाना म्हणाले. श्रीकांत त्यांचा एकुलता एक. लघाटे काकू गेल्या तेव्हा कॅनडाहून आला होता, त्यालाही सहा वर्षं झाली. "सुतारकामाच्या तासाला. धावत घरी घेऊन आला. मी मापायचा व्हर्नियर लावला. एक पाय तीन मिलिमीटर आखूड. लाल खडूने फुली मारली आणि परत दिला, उद्या नीट करून आण म्हणून."

"आणला का?"

"नाही."

त्यांच्या क्वार्टरशी मी स्कूटर थांबवली. नाना उतरले, गुडघा धरून जरा उभे राहिले. गुडघा खरंच दुखत होता तर.

"सुध्या, कॅनडात आत्ता किती वाजले असतील?"

मी बोटांवर मोजलं, चुकलो, पुन्हा मोजलं. "पहाटेचे साडेपाच. लावून देऊ का फोन?"

"नको. झोपला असेल." ते कुलूप उघडून आत गेले. मी दारातून पाहत होतो. त्यांनी फोनशेजारी खुर्ची ओढली, आणि पायातले जोडेही न काढता बसले.

"सातला उठतो तो," नाना म्हणाले. "तू जा. मी थांबतो."