सातची वेळ आणि पुढची खुर्ची

या, जरा जवळ सरकून बसा. एका जळक्या माणसाची गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता देवाच्या कृपेने आपल्याही पोटातली आग थोडी निवली, तर बरंच की!

एका छोट्या बेटावर सगळ्यांसाठी एक व्यायाम केंद्र होतं. तिथल्या मोठ्या हॉलमधली सकाळी सातची वेळ बावीस वर्षं कवायत मास्तरांची. यंदा केंद्राने दवाखान्याशी हातमिळवणी केली, बोटवाले पलीकडच्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना फुकट आणू लागले, आणि ठरलं, की सहा आठवड्यांत ज्या वर्गाचा रक्तदाब सरासरीने जास्त उतरेल, सातची वेळ त्याची.

मास्तरांच्या वर्गात नऊ जण. अकरा वाजताच्या खुर्चीताईच्या वर्गात तीस. तिथे खुर्चीत बसूनच हात वर, हात खाली, मध्येच एखादं गाणं. आणि त्या तिसांत खुद्द मास्तरांची बायको!

"बसून कुठे व्यायाम होतो?" मास्तर जेवता जेवता कडाडले.

"होतो की. शिवाय ताई मला नाव घेऊन हाक मारते. तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही मला 'ए, तिसरी रांग!' म्हणायचात."

मास्तरांनी ताट पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते हॉलच्या खिडकीला नाक लावून उभे. आतून हसण्याचा गलका आला, तसे ते लाल झाले. नेमक्या तेवढ्यात मागून दवाखान्याच्या सिस्टर आल्या.

"मास्तर, तपासणीला थांबलात ना? या, बसा."

"मी? छे, मी तर..."

पट्टा दंडाला बसला, फुगला, आणि सिस्टरांचा चेहरा उतरला.

"एकशे ब्याऐंशी! मास्तर, गोळी सुरू करा. आणि रोज या वर्गात बसायचं. नाहीतर डॉक्टर तुम्हाला कवायत घेऊ देणार नाहीत."

"हिच्या वर्गात?"

"या ना मास्तर," खुर्चीताई गोड हसली. "पुढची खुर्ची तुमचीच."

बसले बापडे. पहिला आठवडा दात-ओठ खात. दुसऱ्या आठवड्यात बायकोपेक्षा आपला आवाज मोठा लागावा म्हणून त्यांनी गाणं उचललं. तिसऱ्यात खुर्चीताईसुद्धा त्यांच्यामागून गाऊ लागली. मास्तरांना झोप लागू लागली, आणि आपल्या कवायतीतल्या तिसऱ्या रांगेतल्या बाईला ते नावाने हाक मारू लागले.

निकालाच्या दिवशी सिस्टरांनी कागद उघडला.

"कवायत वर्ग, सरासरी सहाने उतरला."

मास्तरांनी छाती फुगवली.

"खुर्ची वर्ग, साडेसहाने."

"शक्यच नाही!"

"बाकीच्या तिसांची सरासरी पाचच्या पुढे गेली नव्हती हो. पण एकतिसाव्या एकट्याचाच बावन्नने उतरलाय. तुमचाच."

बायकोने पदर तोंडाला लावला. मास्तर खुर्चीताईकडे वळून हळूच म्हणाले, "म्हणजे सातची वेळ आता आपलीच ना?"

आता मास्तरांची कवायत अकराला असते. सकाळी मात्र ते पावणेसातलाच हॉलमध्ये येऊन पुढची खुर्ची अडवतात, आणि वर्गातली पोस्टमनची बायको तिथे आधी पोहोचली, तर त्यांचा दिवसभर जीव जळतो.

कधी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांचीही आठवण ठेवा. रक्तदाब उतरलाय त्यांचा. बाकीचं देवाच्या हाती.