सटवाजी हरकाऱ्याची शर्यत

रिकाम्या हाताने पळणारा माणूस दिसला, की सटवाजी त्याच्या वाटेत आडवा उभा राहायचा आणि विचारायचा, "कुणाचं घर जळायलंय?"

समोरचा म्हणायचा, "कुणाचं नाही."

"मंग कुणी मेलंय?"

"नाही हो."

"मंग पळायलाव कशाला?"

सटवाजी कपाळाला आठ्या घालून बाजूला व्हायचा आणि आभाळाकडे बघून म्हणायचा, "ह्याला इन्साफ म्हणावं का?"

सटवाजी आमच्या पोस्टातला हरकारा. चारठाण्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. तिथल्या पोस्टात मी नवाच कारकून लागलो होतो. संस्थानी राजवट जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण सटवाजीची भाषा तशीच राहिली होती. पोस्टाला तो 'डाकखाना' म्हणायचा आणि मला 'बाबू'. पन्नाशी उलटलेला, वाळलेल्या बाभळीसारखा माणूस. रोज सकाळी सात वाजता टपालाची पिशवी पाठीला बांधून घाट चढायचा, डोंगरावरच्या वाडीत टपाल वाटायचा आणि दहाच्या आत परत. त्याला वाचता येत नव्हतं; निघण्याआधी पोस्टात पत्ते वाचून घ्यायचा आणि ध्यानात ठेवायचा. वाडी दोन कोसांवर. वाट अशी, की शेळीनेही विचार करावा.

त्याला राग कशाकशाचा यायचा ते सांगायला एक दिवस पुरणार नाही. पाकिटावर नुसतं 'काकास मिळावे' लिहिणाऱ्यांचा राग. "वाडीत सोळा काका हायती. कोणत्या काकाला देऊ?" बैलगाडीत झोपून जाणाऱ्यांचा राग. कॅनव्हासच्या बुटांचा तर फारच. "पायाला जमीनच कळंना, तर पाय चालंल कसा?"

त्या वर्षी चैत्रात गावच्या हौशी मंडळींनी डोंगरी शर्यत ठरवली. पोस्टासमोरच्या मैदानातून निघायचं, घाट चढून वाडीला जायचं, तिथे हातावर शिक्का मारून घ्यायचा आणि परत यायचं. म्हणजे सटवाजीचीच रोजची वाट! पूर्णेहून, झरीहून तरुण पोरं येणार होती. गावाची अब्रू राखायला माणूस एकच, म्हणून पोस्टमास्तरांनी सटवाजीला न विचारताच त्याचं नाव देऊन टाकलं.

सटवाजी भडकला. "मास्तर, वर काय न्यायचंय?"

"काही नाही. नुसतं पळायचं."

"आन् येताना काय आणायचं?"

"काही नाही."

"दोन कोस डोंगर चढायचा, रिकामा! आन् रिकामाच उतरायचा! चोरसुद्धा असं करंत न्हाई. आमी न्हाई पळत."

शर्यत सकाळी सातला सुटायची होती. शिक्का मारायचं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून मी पहाटेच वाडीला जाऊन लिंबाखाली बसलो. आठच्या सुमारास पहिला माणूस वर आला, तो सटवाजी. शर्यतीत नव्हे, टपाल घेऊन.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"खाली बसल्यात. पाहुणे साहेब यायचेत म्हनं. ते आल्याबिगर शर्यत सुटत न्हाई." त्याने टपाल वाटलं आणि तो बडबडत उतरून गेला.

साहेब साडेदहाला आले. मग हार, मग भाषण. शर्यत सुटली तेव्हा अकरा वाजून गेले होते. चैत्रातले अकरा! दगडावर भाकरी भाजावी असं ऊन. ही गोष्ट आठवली की आजही माझं डोकं तापतं. सावलीत बसून सरबत पिणाऱ्या एकाही शहाण्याला वाटलं नाही, की शर्यत उद्यावर ढकलावी.

सटवाजी तेव्हा पोस्टाच्या ओट्यावर पाय धूत बसला होता. ती सहा पोरं उघड्या डोक्यांनी घाटाकडे सुटलेली त्याने पाहिली आणि तो ताडकन उठला. पाण्याने भरलेला भोपळा खांद्याला अडकवला. पोस्टमास्तरांनी विचारलं, "का रे, पळणार नव्हतास ना?"

"आता न्यायला काईतरी हाय," एवढं म्हणून तो निघाला.

हे मला मागाहून कळलं. मी वर बसून वाट बघत होतो. पहिला आला पूर्णेचा वसंत, रेल्वेत मदतनीस खलाशाचं काम करणारा विशीतला मुलगा. तोंड लालबुंद, ओठ पांढरे. आणि त्याच्या मागे दहा पावलांवर सटवाजी, तोंडाचा पट्टा चालू.

"टोपी कुठाय तुझी? आँ? मायनं डोकं दिलंय ते काय उन्हात शिजवायला? पानी पी!"

"नको मामा, वेळ जाईल," वसंत धापा टाकत म्हणाला. त्याने माझ्यापुढे हात केला. मी शिक्का मारला आणि तो उताराला लागला.

"सटवाजी, हात," मी म्हणालो.

"शिक्का पाकिटाला मारत्यात बाबू. मी काय पाकीट हाय?" आणि तोही वळला.

वरून घाटाची वळणं स्पष्ट दिसायची. दुसऱ्या वळणावर सटवाजीने वसंतला गाठलं आणि मागे टाकलं. माझ्या तोंडून 'शाब्बास' निघालं. तिसऱ्या वळणावर वसंत झिंगल्यासारखा दोन पावलं आडवा गेला आणि खाली बसला. सटवाजी बराच पुढे होता. मागे पाऊल वाजेना म्हणून थांबला असेल. त्याने वळून पाहिलं. मग तो तेवढाच चढ पुन्हा चढून आला.

त्याने वसंतच्या डोक्यावर पाणी ओतलं, स्वतःचा पटका सोडून भिजवला आणि त्याला गुंडाळला. तेवढ्यात माझ्याकडून शिक्का घेऊन उतरलेले झरीचे दोघे बाजूने निघून गेले. सटवाजीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वसंतला पाठीवर घेतलं आणि तो उतरू लागला. तो काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून शिव्याच असाव्यात.

शेवटची पोरं आटोपून मी खाली पोचलो, तर मैदानात निकाल लागत होता. सटवाजी तिसरा आला होता, पण कमिटीने वसंतला बाद केलं, कारण तो दुसऱ्याच्या पायांनी आला होता. सटवाजीलाही बाद केलं, कारण त्याच्या हातावर शिक्का नव्हता.

"मी स्वतः पाहिलंय!" मी ओरडलो. "शिक्का मारणारा मी आहे! हा माणूस वरपर्यंत आला होता!"

"नियम म्हणजे नियम," कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. त्यांनी घाटाचं पहिलं वळणही कधी पाहिलेलं नव्हतं.

सटवाजीला बक्षिसाचं काहीच वाटलं नव्हतं. तो उघड्या डोक्याने थेट साहेबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, आमची डाक घंटाभर उशिरा पोचली, तर वरून जबाब मागत्यात. तुमी साडेतीन घंटे उशिरा आलाव. तुमाला कोण मागतंय?"

साहेब हसले. मग आजूबाजूला कुणीच हसत नाही हे बघून गळ्यातला हार नीट करू लागले.

संध्याकाळच्या मोटारीपर्यंत वसंत पोस्टाच्या ओट्यावर निजून होता. सटवाजी त्याला कांद्याचा रस चोळत होता, पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि रागवत होता. "उद्यापासून पळायचं, तर पहाटं पळायचं. काय म्हनलं मी?" मोटार सुटली तरी तो तिच्यामागून चालत काहीतरी बजावत होता.

महिन्याभराने टपालात एक बंद पाकीट आलं. पत्ता: सटवाजी हरकारा, डाकखाना. मी नाव वाचून आनंदाने ते त्याच्यापुढे धरलं. त्याने हात मागे घेतला.

"हितं न्हाई. टपाल घरी पोचवायचं असतंय."

त्याने ते पाकीट पिशवीत सगळ्यांत खाली ठेवलं आणि घाट चढला. वाडी केली, परत आला, दुपारचं गावातलं टपाल वाटलं. गावाच्या खालच्या अंगाला त्याचं घर, वाटेतलं शेवटचं. पोस्ट बंद करून मी त्याच रस्त्याने निघालो होतो. दाराला बाहेरून कडी होती. तिच्यासमोर उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "सटवाजी लिंबाजी! टपाल!"

थोडा वेळ तो तसाच थांबला. मग स्वतःच कडी काढून आत गेला.

मी पुढे निघणार, तेवढ्यात हाक आली, "बाबू, वाचून दावा."

मी पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकत होतो. एक घोंगडी, एक ताट, एक तांब्या. त्याने घोंगडी झटकून मला बसायला दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. मी पाकीट फोडून वाचायला लागलो. "तीर्थरूप सटवाजीमामा यांस वसंतचा शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या कृपेने मी खुशाल आहे..."

"थांबा," तो म्हणाला. "पयली वळ पुन्यांदा वाचा."

मी वाचली.

"अजून एकदा."

मी पुन्हा वाचली. तो रस्त्याकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "आज एवढंच ऱ्हाऊ द्या बाबू. बाकीचं उद्या."