तटस्थ आमेन

ऑस्ट्रेलियातल्या मिल्डुरा गावच्या टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरून आलेल्या लोकांच्या, चर्चची दर रविवारी ऑनलाइन प्रार्थना होत असे आणि तिला तीस माणसं हजर असत. त्यांतली पंचवीस आम्ही, म्हणजे संशोधक. उरलेल्यांत पाद्री सेमिसी फोनुआ, त्यांची बायको, त्यांचे दोन साडू आणि म्हाताऱ्या लुपेबाई.

हे चर्च प्रथम मी शोधून काढलं, याची नोंद व्हावी. द्राक्षमळ्यांवर काम करणारी टोंगन मंडळी साथीच्या काळात फोनवरून प्रार्थना करू लागली आणि पुढेही तशीच करत राहिली, कारण मळे लांब आणि पेट्रोल महाग. त्यावर मी निबंध लिहिला. तो गाजला. मग ऑकलंडहून दोघं आले, ओस्लोहून तिघं, टोरोंटोहून तर एक अख्खा विभाग. आले म्हणजे लिंकवर आले. आमच्या मानववंशशास्त्राचा पहिला नियम असा की, जिथे अभ्यास करायचा तिथे असायचं, पण तिथल्या कुणाच्या मध्ये यायचं नाही. त्यामुळे सगळ्यांचे कॅमेरे बंद, माइक बंद. पडद्यावर नुसते काळे चौकोन.

आता इतके काळे चौकोन रोखून बघत असताना देवाशी मोकळेपणाने बोलायचं म्हणजे माणूस बिचकतोच. तरुण मंडळी हळूहळू गळाली. एकाने तर भर प्रार्थनेत सांगून टाकलं, "देवा, पुढच्या आठवड्यापासून मी शेजारच्या गावच्या चर्चमध्ये येतोय, तिकडे बोलू आपण." या गळतीवर आमच्यातल्या चौघांनी निबंध लिहिले. ते वाचून आणखी संशोधक आले, त्यांना बघून आणखी मंडळी गेली, आणि विषय चांगलाच बहरला.

मग मेलबर्नच्या मुख्य कचेरीला जाग आली. त्यांच्या नियमानुसार वीसपेक्षा कमी 'सक्रिय उपासक' असतील, तर प्रार्थना बंद आणि चर्चच्या इमारतीला कुलूप. सक्रिय म्हणजे कोण? तर प्रार्थनेच्या शेवटी ऐकू येईल असं आमेन म्हणणारा. येत्या रविवारी तपासनीस लिंकवर येणार होते.

पाद्रीबाबांचा मला फोन आला.

"डंकन, तुझी ती पंचवीस पोरं आहेत ना?"

"संशोधक आहेत, पाद्रीबाबा."

"असू देत, देव काही मनावर घेत नाही. रविवारी सगळ्यांनी एकदा आमेन म्हणा. तोंड उघडायचं, मिटायचं. अळूच्या पानांत मांस बांधून आमचा झकास 'लू' करतो आणि बसने पाठवून देतो."

"पण आमच्या तटस्थतेला बाधा..."

"अरे, आमचं चर्च बंद पडतंय! लुपेबाई नव्वदीला टेकल्यात, गुडघे गेलेत. त्यांना आता दुसरीकडे कुठे नेऊ मी?"

मी आमच्या विभागप्रमुख ब्रॉनविन टालबॉट यांच्याकडे गेलो.

"आमेन म्हणजे हस्तक्षेप," त्या म्हणाल्या. "उद्या म्हणशील, त्यांच्याबरोबर जेवायलाही बसू."

"पण चर्च बंद पडलं तर आपला विषयच बंद पडेल."

त्यांचा चहाचा मग हवेतच राहिला. त्या चर्चवर त्यांची बढती अवलंबून होती, अर्ध्या विभागाची पीएचडी चालू होती आणि माझा करार जूनमध्ये संपत होता.

"असं आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "हे तर मानवी संकट आहे." आणि त्यांनी नीतिसमितीची तातडीची बैठक लावली.

समिती दिवसभर बसली. एक सदस्य म्हणाले, आमेन हा केवळ एक ध्वनी आहे. दुसऱ्या म्हणाल्या, मान्य, पण तो ज्याला उद्देशून आहे त्या देवाची लेखी संमती कुठे आहे? विधी विभागाचं मत मागवण्यात आलं. देव ही सार्वजनिक व्यक्ती असल्याने वेगळ्या संमतीची आवश्यकता नाही, असं त्यांनी कळवलं. अखेर परवानगी मिळाली. अटी अशा: आमेन सपाट आवाजात म्हणावं. म्हणताना मनात काही आणू नये. म्हटल्यानंतर कुणास श्रद्धा जडल्यास ती प्रतिकूल घटना समजून चोवीस तासांत समितीला कळवावं.

मी अटी पाद्रीबाबांना वाचून दाखवल्या.

"मनात काही आणायचं नाही, एवढंच ना? मग काही अडचण नाही," ते म्हणाले. "माझे साडू कित्येक वर्षं तसंच म्हणतायत."

रविवारी तपासनीस टाय लावून, कॅमेरा चालू ठेवून बसले. गाणं झालं, वाचन झालं. मग लुपेबाई प्रार्थनेला बसल्या. फोन त्यांनी इतका जवळ धरला होता की पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं.

"देवा," त्या म्हणाल्या, "ही काळ्या चौकोनांतली लेकरं एक रविवार चुकवत नाहीत. आमची स्वतःची गेली, पण ही राहिली. बोलत मात्र नाहीत रे. कशाने एवढी दुखावलीत कोण जाणे. चर्चचं काय ते तू बघ. आधी यांना बरं कर."

पाद्रीबाबांनी डोळे मिटले. तपासनिसांनी पेन उघडलं. आणि काळ्या चौकोनांतून कुणीच काही बोललं नाही.

जे घडलं ते शास्त्राला धरूनच घडलं. इतके संशोधक एकदम आमेन म्हणणार, ही घटना आमच्या विषयात अपूर्व होती. अशा वेळी निदान एकाने तरी गप्प राहून तिची नोंद घ्यायला हवी, हे उघड आहे. तो एक म्हणजे आपणच, असं प्रत्येकाने आपापल्या जागी ठरवलं होतं. ब्रॉनविनने, ऑकलंडने, ओस्लोने, टोरोंटोने आणि मीही. पेन सरसावून आम्ही एकमेकांच्या आमेनची वाट बघत बसलो. ऐकू आलं ते घरच्यांचंच, आणि साडवांचं तर त्या दिवशी पहिल्यांदाच मनापासून आलं.

"एकूण पाच," तपासनीस म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं.

संध्याकाळी मला लुपेबाईंचा फोन आला. नंबर पाद्रीबाबांनी दिला असावा.

"बाळा, तुझा आवाज नाही आला सकाळी. घसा बसलाय का? आलं घालून गरम पाणी पी."

पाद्रीबाबांशी बोलायची मला समितीची परवानगी होती, लुपेबाईंशी नव्हती. मी गप्प राहिलो. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण निबंधात ते कुठेच बसेना.

चर्चच्या इमारतीत आता व्यायामशाळा आहे. त्या शांततेवर आम्ही विशेषांक काढला, ब्रॉनविनला बढती मिळाली, माझा करार वाढला. लिंक बंद करायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. लुपेबाई दर रविवारी एकट्याच येतात, देवाशी बोलतात आणि बोलून झाल्यावर जरा वेळ थांबतात. आम्ही असतोच.

वाचकहो, तुम्ही इथपर्यंत आलात. आम्हाला हसलात, लुपेबाईंसाठी हळहळलात, आणि आता पान उलटाल. आमच्या विभागात एक जागा रिकामी आहे. तुम्हाला वेगळं प्रशिक्षण द्यावं लागणार नाही.