एकशे त्रेसष्ट स्थानके आणि एक साक्षीदार

माणूस गाडीतून उतरतो तो त्याला तिथे कुणाकडे तरी जायचे असते म्हणून, असा एक जुना समज आहे. प्रगत समाजात तो टिकत नाही. शहरी रेल्वेची सर्व एकशे त्रेसष्ट स्थानके एका दिवसात पालथी घालणाऱ्यांसाठी एक विक्रम समिती आहे. तिने उतरण्याची व्याख्याच करून ठेवली आहे: दोन्ही पावले फलाटाला लागली की उतरणे पूर्ण. त्यानंतर तिथे काही करू नये, कारण त्यात वेळ जातो.

सध्याचा विक्रम नऊ तास एक्केचाळीस मिनिटांचा. तो एका दंतवैद्याच्या नावावर आहे. (साक्षीदार म्हणून त्याने सासूला नेले होते. सासूने नऊ तास तोंड उघडले नाही, या विक्रमाची मात्र कुठे नोंद नाही.)

तो मोडायचा, असे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या एका निरीक्षकांनी ठरवले. तीस वर्षे दुसऱ्यांची मापे तपासल्यावर आपलेही एकदा माप व्हावे, ही इच्छा रास्तच होती. साक्षीदार बायको. तिचे काम सोपे: प्रत्येक स्थानकावर नवऱ्यामागून उतरायचे, घड्याळ पाहायचे, वहीत वेळ टाकून सही करायची आणि दार लागायच्या आत परत चढायचे. साक्षीदार मागे राहिला तर प्रयत्न रद्द. लग्नाला एकोणचाळीस वर्षे झालेली असल्यामुळे तिला यात नवे काही वाटले नाही.

आदल्या दिवशी तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. थोरली चौऱ्याण्णवाव्या स्थानकापाशी राहायची. दोघी एकाच शहरात असल्यामुळे चार वर्षांत भेटल्या नव्हत्या.

"उद्या तुमची स्वारी माझ्या दारावरूनच जाणार ना? मी येते फलाटावर. जरा काम आहे. फोनवर बोलण्यासारखं नाही."

निरीक्षक दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांनी वेळापत्रक पाहिले. चौऱ्याण्णवच्या पुढे दोनच स्थानके, मग मार्ग संपतो आणि गाडी त्याच वाटेने परत येते. त्यांनी लाल शाईने लिहिले: 'मेहुणी. जाताना वीस सेकंद, येताना वीस सेकंद. (येताना उतरू नये, दारातूनच बोलावे.)'

"बहिणीला म्हणावं, मुद्द्याचं आधी बोल. प्रस्तावना नको."

"अहो, ती 'कशी आहेस'लाच वीस सेकंद घेते."

"मग ते वगळायला सांग."

सकाळी सहाला प्रयत्न सुरू झाला. पहिल्या चाळीस स्थानकांत साक्षीदाराने एकंदर चाळीस घड्याळे पाहिली. एका ठिकाणी पुलापलीकडे तिची शाळा दिसायची. लहानपणी दोघी बहिणी एका छत्रीत तिथून जायच्या. पण घड्याळ विरुद्ध बाजूला होते.

चौऱ्याण्णवला ते चार मिनिटे पुढे होते. थोरली कापडी पिशवी छातीशी धरून उभी होती.

"अगं धाकटे, किती वाळलीस गं!" (सहा सेकंद.)

"ताई, मुद्दा!"

"हो, हो. ते डॉक्टर म्हणाले..."

दार लागले.

"काय म्हणाले असतील हो डॉक्टर?"

"येताना वीस सेकंद आहेत की. आणि आपण चार मिनिटं पुढे आहोत."

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे तिने विचारले नाही. वहीतली सही राहिली होती.

अकरा मिनिटांनी गाडी परत आली. या खेपेला थोरलीने प्रस्तावना केली नाही.

"परवा पोटातली गाठ काढणार आहेत. जवळच्या माणसाची सही लागते. तुझ्याशिवाय आहे कोण मला?"

(नऊ सेकंद. निरीक्षकांनी मनातल्या मनात शाबासकी दिली.)

"दे कागद, इथेच करते," साक्षीदार म्हणाली. सकाळपासून तिने शहाण्णव फलाटांसाठी सह्या केल्या होत्या. आणखी एक जड नव्हती.

"इथे नाही गं चालत. दवाखान्यात, त्यांच्या समोर करावी लागते. आजच."

"अगं, उतरू नकोस!" निरीक्षक ओरडले. "चार मिनिटं पुढे आहोत आपण!"

"मग बसा चार मिनिटं," असे म्हणून तिने वही त्यांच्या हातात दिली आणि ती उतरली. दार लागले.

समितीचा निर्णय आठवड्यात आला: 'प्रयत्न रद्द. साक्षीदार विनाकारण उतरला.' (कारणांच्या छापील रकान्यात तीनच पर्याय आहेत: बिघाड, पूर, मृत्यू. थोरलीने थोडी घाई केली असती तर सवलत मिळाली असती.) प्रयत्न फसल्यावर निरीक्षकांनी तीन दिवस वहीतल्या वेळा तपासल्या. चौथ्या दिवशी ते दवाखान्यात गेले आणि फाटकापासून खाटेपर्यंत सहा मिनिटे लागतात, असे त्यांनी मेहुणीला सांगितले. ती टाके सांभाळत हसली.

हे वाचून आपण म्हणालात, 'मी तर पहिल्याच खेपेला उतरलो असतो.' सगळे तेच म्हणतात. समितीने पुढे साक्षीदाराची एक जागा जाहीर केली. अट एकच: वाटेत आपले माणूस दिसले तरी उतरणार नाही, असे लिहून द्यायचे. चार हजार दोनशे अर्ज आले. आपलाही पोचला आहे. अनुभवाच्या रकान्यात आपण 'बरीच वर्षे' असे लिहिले आहे.