भाकरीएवढं अक्षर

आमचे दिनूभाऊ कोणाच्याही घरी गेले की पाण्याच्या आधी मोबाइल मागतात. यजमान आत वळतो न वळतो तोच हे त्याच्या मोबाइलमधली अक्षरं मोठी करून ठेवतात. इतकी मोठी, की "येताना अंबाडीची भाजी आणा, विसरलात तर घरी येऊ नका" हा माझ्या बायकोचा निरोप एसटीत मागच्या दोन बाकांनी वाचला आणि उतरताना कंडक्टरने मला भाजीची आठवण करून दिली.

कोणी कुरकुर केली तर भाऊ म्हणतात, "अक्षर भाकरीयेवढं पायजे गड्या. डोयाले शेव काहून वाढता?"

केनवडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. भाऊंची शेती सोयाबीन-तुरीची, पण जीव अडकलाय फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये. 'फुकट' म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "फुकट नाई, मोकळं म्हन. ज्याले जमन त्यानं उघडावं, दुरुस्त करावं." असं मोकळं काही नवं आलं की ते उतरवून घेतात आणि थेट आईसमोर ठेवतात. आई म्हणजे गोदामाय, ऐंशीच्या पुढची. तिला बटण सापडलं तर पास, नाहीतर नापास. "माय पास तं दुनिया पास." खेळांनाही हीच परीक्षा. जगभर गाजलेला एक रणगाड्यांचा खेळ मायने बसल्या बसल्या नापास केला, कारण त्यातून बाहेर पडायचं बटणच सापडेना. भाऊंनी निकाल जाहीर केला, "जत्रेत हरलं तं चालते, पन घरी जाची वाट तं दिसली पायजे ना बाप्पा!"

चातुर्मासात महादेवाच्या देवळात दुपारी बायकांना पोथी वाचून दाखवायची ती गोदामायच. पुढे डोळे अधू झाले, बारीक अक्षर दिसेना. वाचायला दुसरी कोणी बसू लागली आणि माय मागे खांबाला टेकली. भाऊंना ते बघवेना. त्यांनी पुस्तकं वाचायचं एक ई-रीडर आणलं, त्यात आपलं मोकळं सॉफ्टवेअर घातलं आणि अख्खी पोथी भाकरीएवढ्या अक्षरात भरली. मायने आधी त्याच्या काचेला हळदकुंकू लावलं. भाऊंनी लावू दिलं.

पण वाचायला बसली आणि घोळ झाला. माय ओळीखाली बोट ठेवून वाचते. बोट सरकलं की यंत्राला वाटायचं, पान उलटायचंय. राजा शिकारीला निघाला की पुढच्याच ओळीत त्याच्या पोराचं लग्न!

"हे माह्या आंधीच पुढं पयते," असं म्हणून मायने यंत्र बाजूला ठेवलं.

मी सहज सुचवलं, "भाऊ, मायला सांगा ना, बोट उचलून वाच म्हणावं."

"बोट उचललं तं ओळ सांडते," माय म्हणाली.

आणि भाऊ माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांच्या उभ्या तुरीत जनावर सोडलं. "मायले कायले शिकवू? मशीनले शिकवतो!"

ते सॉफ्टवेअर बनवणारे हौशी लोक देशोदेशी विखुरलेले. भाऊंनी त्यांना आपल्या इंग्रजीत गाऱ्हाणं घातलं. उलट प्रश्न आला: वाचताना पडद्यावर बोट ठेवतं कोण? भाऊ वाद घालत बसले नाहीत. त्यांनी मायच्या हाताचा व्हिडिओ काढला. गोंदलेला हात, ओळीखालून सावकाश चालणारं बोट, आणि मायचा वाचण्याचा आवाज. तो पाठवून दिला. पोळा झाल्यावर नवी सुधारणा आली. आता ओळीवर बोट फिरलं तरी पान हलत नाही. कोपऱ्यावर टिचकी मारली तरच उलटतं.

समाप्तीचा अध्याय गोदामायने वाचला, पहिल्या जागेवर बसून. दोनदा खोकली, एकदा पाणी प्यायली, पण पान जागचं हललं नाही. भाऊ बाहेर चपलांपाशी बसून ओठ हलवत होते. आमच्या केनवडच्या म्हातारीसाठी दूरदेशीच्या लोकांनी आपलं यंत्र बदललं, याचा मला इतका अभिमान वाटला की वाशीमच्या ऑफिसात आठवडाभर मी दुसरं काही बोललो नाही.

मग मीही ते सॉफ्टवेअर मोबाइलमध्ये घेतलं. त्यातलं सगळं मराठी भाषांतर भाऊंनीच केलेलं. त्या नव्या सोयीला इंग्रजीत लांबलचक काहीतरी नाव आहे. मराठीत तिथे लिहिलंय, 'मायचं बोट'.

"भाऊ, हे कसलं नाव?" मी हसत विचारलं.

"मंग काय ठेवू?" भाऊ म्हणाले. "बाबा तं शायेत गेलेच नाई. मायनं मले मांडीवर घेऊन माह्यं बोट आपल्या बोटाखाली धरलं, आन ओळीवरून चालवलं. मी बी त्याच बोटानं वाचाले शिकलो." मग एकदम खेकसले, "आन तू अक्षर पुन्हा काहून बारीक केलं बे? आन इकडं!"

त्यांनी माझा मोबाइल ओढून घेतला. पण डोळे भरून आले होते, आणि अक्षर मोठं करायचं बटण दिनूभाऊंना काही केल्या सापडेना.