वामनरावांच्या पोटातले तीस जण

ज्या वर्षी धर्मपालची बदली अकोल्याला झाली आणि त्याच्या मुलीचं, पिंकीचं लग्न ठरलं, ते २०२२ साल. लग्नाला बारा दिवस उरले होते आणि जठारपेठेतल्या त्या घरात पाहुण्यांची यादी पिंकीच्या भावाच्या, अनुपच्या ताब्यात होती. अनुप एका कंपनीत डेटाबेसचं इंजिन बनवायचा. म्हणजे माहिती जिथं साठते आणि बदलते ते आतलं यंत्र. बहिणीच्या लग्नावरच त्याने ते चालवून पाहायचं ठरवलं.

"पाह्य आई," तो जाईबाईला सांगू लागला, "डब्यात डबा असते नाई, तसं. गावात घर, घरात कर्ता माणूस, अन् त्याच्या पोटात त्याचं सारं गणगोत. अन् काम अर्धवट होतच नाई. नाव काढलं तं जेवणाचं पान, बसची सीट, निरोप, सारं एका झटक्यात बदलते. नाईतर काहीच बदलत नाई."

"माह्यापेक्षा बरं हाये मंग," जाईबाई म्हणाली. "मी तं चार कामं अर्धेच सोडतो."

मग तिने भातकुलीला फोन लावला. तिथले वामनराव धर्मपालचे जुने मित्र. हे लग्न त्यांनीच जुळवलेलं. फोन त्यांच्या सुनेने, शकुनने उचलला.

"भाऊजी कुठी हायेत वं?"

"मामाजी तं गेले जी, सकाळीच," एवढं ऐकू आलं आणि फोन कटला. पुन्हा लागेना.

"भाऊजी गेले वो!" म्हणत जाईबाईने हंबरडा फोडला. धर्मपालने चपला घातल्या आणि भातकुलीची वाट धरली. रडून रडून बारा वाजले तेव्हा जाईबाईला आठवलं.

"अनुप, आज आमंत्रणं जाणार ना? भाऊजीच्या नावाचं नको जाऊ देऊ. घरच्यायले कसं वाटन?"

अनुपने वामनरावांचं नाव काढायला घेतलं. पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. डोळे पुसत, तो न वाचताच त्याने 'होय' दाबलं.

पाचच मिनिटांत पिंकी धावत आली. "दादा, स्वप्निलचा फोन! 'पिंकीच्या लग्नाचे आपले आमंत्रण रद्द करण्यात आले आहे' असा मेसेज आला त्याले! लग्न मोडलं का म्हणून विचारून राहिला!"

नवरदेव स्वप्निल हा दर्यापूरचा, वामनरावांच्या बहिणीचा मुलगा. म्हणजे वामनरावांच्याच डब्यातला. एक नाव काढताच आतले तीस जण निघाले. नवरदेवाचं पानसुद्धा कमी झालं.

"वापस टाक त्यायले!" जाईबाई किंचाळली.

"टाकतो! कोणतं बी काम करायच्या आधी इंजिन रोजनाम्यात लिहून ठेवते. त्यावरून सारे वापस येतात." दोन मिनिटांत अनुपने उडीच मारली. "पाह्य! एकतीसच्या एकतीस!"

"अन् तो गेलेला निरोप?"

अनुपचा चेहरा उतरला. "तो घराबाहेर पडला आई. तो वापस येत नाई."

तेवढ्यात स्वप्निलच्या वडिलांचा फोन आला. "बाई, असा अपमान? आता आमी येतच नाई!" पिंकी भिंतीला टेकून रडू लागली.

आणि दारात वामनराव उभे. एका हातात साडीची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. जाईबाई ओरडली आणि तिच्या हातून तांब्या सुटला.

"काहून ओरडता वयनी? अन् म्याच जुळवलेल्या लग्नाचं मलेच आमंत्रण रद्द?"

"शकुन म्हणे... तुमी गेले!"

"गेलोच ना! अमरावतीले साडी घ्याले गेलो, तिथून इकडं आलो!"

सगळं कळल्यावर ते पोट धरून हसले आणि त्यांनी दर्यापूरला फोन लावला. "जावाईबापू, मी घडीभर मेलो होतो, म्हणून तुमी बी कटले. आता जिता झालो. गुमान वरात घेऊन या!"

फोन ठेवला तोच धर्मपालचा आला. "अनुप, अबे, भातकुलीत तं कोणीच रडून नाई राहिलं!"

चहा पिताना वामनराव गंभीर झाले. "लेका, माह्या पोटात कोणालेच नको ठेवू. एकेकाले ज्याच्या त्याच्या नावानं बसव. मी जाईन तं एकटाच जाईन."

अनुप संध्याकाळपर्यंत एकेक माणूस बाहेर काढत बसला. लग्न थाटात झालं. पुढच्या प्रत्येक कार्याला घरात तीच यादी उघडली जाई. तीन वर्षांनी तिच्यातून एक नाव काढताना अनुपने पडद्यावरचा प्रश्न तीनदा वाचला. एकच नाव निघालं. तीस जण जागच्या जागी राहिले.

वामनराव ९ मार्च २०२५ रोजी सकाळी भातकुलीला वारले.